हाक कुठवर जाते

बसा. खुर्ची असेल तर खुर्चीवर, नसेल तर खाली चटईवर. पण संगणकाच्या थेट समोर नको, जरा बाजूला. कीबोर्डवरचे हात उचलून मांडीवर ठेवा. आज संध्याकाळी आपल्याला काहीही दुरुस्त करायचं नाही. घरात एक सर्व्हर आहे, तीन-चार यंत्रं त्याच्याकडे काही ना काही मागतात, आणि आज त्याच्याकडून उत्तर येत नाही. एवढंच आपल्याला ठाऊक आहे. आपल्याला फक्त एवढंच ठाऊक आहे, हे कबूल करायला मला पुरते दोन दिवस लागले होते.

घर आरमोरीचं. ब्रह्मपुरीकडून वैनगंगेचा पूल ओलांडून आलात की लागतं ते आरमोरी. कोशाच्या कापडामुळे नाव ऐकलं असेल. जुनं कौलारू घर, मागे अंगण, अंगणापलीकडे भावाचं घर. सर्व्हर म्हटलं की भलतं काही डोळ्यांपुढे आणू नका. दहा-अकरा वर्षांपूर्वीचा टॉवर, आत दोन हार्डडिस्क, त्यावर लिनक्स. धानाच्या कोठीशेजारी, ओल लागू नये म्हणून दोन विटांवर चढवून ठेवलेला. त्यात घरातले फोटो आहेत, मुलीच्या कॉलेजच्या नोट्स आहेत, स्कॅन केलेले सातबारे आहेत. आणि मामांनी मंडईच्या, म्हणजे गावजत्रांच्या, दिवसांत गावोगाव फिरून टेपवर घेतलेली दंडार आहे, आमच्याकडचं लोकनाट्य. त्या कॅसेटी मी दोन उन्हाळे बसून एकेक करून उतरवल्या. प्रत्येक कॅसेटच्या सुरुवातीला नुसती खरखर येते, कुठे दहा सेकंद, कुठे अर्धा मिनिट. मामा आधी बटण दाबायचे आणि मग फडाची वाट पाहायचे. ती खरखर मी कापली नाही.

पोळ्याच्या आदल्या आठवड्यातली गोष्ट. पाऊस लागून होता. स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, "अहो, सर्व्हर दिसत नाही." पाठोपाठ अंगणातून पुतण्याचा आवाज: "काऊन जी काकाजी, नेट गेलं का?"

ही दोन वाक्यं जरा ऐकत राहा. दोघं एकच तक्रार करताहेत असं वाटतं. मलाही वाटलं. मी उठलो, राउटर बंद करून चालू केला, मग सर्व्हर, मग लॅपटॉप, मग पुन्हा राउटर. नेट पुरवणाऱ्या कंपनीला फोन लावला. तिथल्या मुलीनेही राउटर बंद करून चालू करायला सांगितला.

दर पावसाळ्यात आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत एक मथळा हमखास येतो: पर्लकोटेला पूर, भामरागडचा संपर्क तुटला. लहानपणापासून वाचतो आहे. इंद्रावती, पामुलगौतमी आणि पर्लकोटा या तीन नद्या तिथे भेटतात, पुलावरून पाणी गेलं की वाट बंद. मथळा वाचून मनात चित्र असं उभं राहतं की एक गावच नकाशावरून पुसलं गेलं. पण जरा थांबून बघा. गाव जागेवर आहे. चुली पेटल्या आहेत, पोरं भिजत हिंडताहेत, दुकानात उधारी लिहिली जाते आहे. तुटला आहे तो रस्त्याचा एक तुकडा. आणि मथळा लिहिणारा नदीच्या या काठावर बसला आहे. पलीकडच्या काठावर वर्तमानपत्र निघत असतं तर संपर्क गडचिरोलीचा तुटला असता.

२३ डिसेंबर १९७३ रोजी हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला, तेव्हा तिथे धड रस्ता नव्हता, वीज नव्हती. पावसाळ्यात बाहेरची वाट महिनोन्महिने बंद राहायची. तरी डॉक्टर प्रकाश आणि मंदाकिनी आमटे रोगी तपासत होते, कारण रोगी आणि डॉक्टर नदीच्या एकाच बाजूला होते. घरात सर्व्हर ठेवायचा तो याचसाठी. बाहेरची वाट बंद झाली तरी घरातल्यांना घरातलं मिळावं. म्हणून "नेट गेलं" आणि "सर्व्हर दिसत नाही" ही वाक्यं मनात वेगवेगळ्या ताटांत वाढून घ्या. एक घराबाहेरच्या पुलाबद्दल आहे, दुसरं अंगणाबद्दल. दोन्ही एकदम खरी असू शकतात आणि दोन्हींचं कारण एकच असू शकतं. पण ते आपल्याला अजून माहीत नाही.

आता पहिला प्रश्न, आणि तो माणसांना विचारायचा. कोणाकोणाला दिसत नाही? कधीपासून? मधे काय घडलं?

बायकोच्या लॅपटॉपवर दिसत नाही, नेटही नाही. अंगणापलीकडे पुतण्याच्या संगणकावर तेच. माझ्या फोनवर सकाळी होतं, दुपारी नव्हतं, आता आहे. पुढच्या खोलीतल्या माझ्या जुन्या संगणकावर मात्र सर्व्हरही दिसतो आणि नेटही चालतं. हे शेवटचं उत्तर पुन्हा एकदा मनात म्हणा. एका जरी यंत्राला सर्व्हर दिसत असेल, तर सर्व्हर जिवंत आहे. एका जरी यंत्रावर नेट चालत असेल, तर कंपनीची तार शाबूत आहे. मी दोन दिवस ज्या दोघांना दोष देत होतो ते दोघंही या एका उत्तरात सुटले. पण मी ते उत्तर मागितलंच नव्हतं, कारण चालणाऱ्या यंत्राकडे कोण बघतो?

मधे काय घडलं, यावर घरातले तिघंही म्हणाले, "काही नाही जी." लाईन दोनदा गेली होती, पण ती काय, पावसात जातेच. शेजारच्या जिल्ह्यात दुर्गापूरला २९२० मेगावॅटचं वीजकेंद्र धूर सोडतं आणि आमच्याकडे चार थेंब पडले की पंखा थांबतो. हे रडगाणं जुनंच आहे. ते इथेच ठेवून "काही नाही" हे उत्तर जपून बाजूला ठेवा. ते पुन्हा लागणार आहे.

तुमचा हात एव्हाना कीबोर्डकडे गेला असेल. परत आणा.

धानोरा तालुक्यात मेंढा नावाचं छोटंसं गोंड गाव आहे. लेखा शेजारी म्हणून सगळे मेंढा-लेखा म्हणतात. २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवणारं हेच ते गाव. त्यांच्याकडची एक गोष्ट मला जंगलाच्या हक्काइतकीच मोलाची वाटते. तिथे ग्रामसभा वेगळी आणि अभ्यासगट वेगळा. ग्रामसभेत निर्णय होतो, तोही सर्वसहमतीनं. अभ्यासगटात निर्णय करायचाच नसतो. तिथे फक्त समजून घ्यायचं, बोलायचं, बाहेरच्या जाणत्याला बोलवायचं, शंका काढायच्या. निर्णय करायचा नसला की माणसं हट्टाला पेटत नाहीत आणि ऐकू लागतात. बिघडलेल्या यंत्रापुढे माझ्या डोक्यात नेहमी ग्रामसभाच भरते, आणि तिच्यात मी एकटाच, हात वर करून. आज अभ्यासगट भरवू. या बैठकीत केबल बदलायची नाही, सेटिंग बदलायचं नाही, काही बंद करून चालू करायचं नाही. बदल केला की पुरावा हलतो. दोन बदल एकदम केले की काम होऊनही काय झालं ते कळत नाही.

आता नजर दिव्यांकडे. भिंतीवर स्विच आहे, काळी डबी, आठ छिद्रांची. जिथे तार खोचली आहे तिथे दिवा. दिवा लागलेला असेल तर तारेची दोन्ही टोकं एकमेकांना ओळखताहेत. लुकलुकत असेल तर तारेवरून काही जातंयेतं आहे. एवढंच तो सांगतो. तार बरोबर ठिकाणी गेली आहे का, पलीकडचा शहाणा आहे का, हे त्याला ठाऊक नाही. त्याच्याकडे पूर्ण एक मिनिट बघा. घड्याळ लावून.

एक मिनिट फार मोठं असतं. डॉक्टर राणी आणि अभय बंग यांच्या 'सर्च' संस्थेचं काम १९८६ पासून गडचिरोलीत चाललं आहे. बाळाचा न्यूमोनिया गावातल्याच बाईला, अक्षर आकडा फारसा येत नसला तरी, ओळखता यावा म्हणून तिथे एक साधं साधन तयार झालं: श्वास मोजायची मण्यांची चौकट आणि एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ. बाळाचं पोट वरखाली होताना बघायचं, दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्यापर्यंत पोचलात तर श्वास धोक्याच्या वेगाचा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला मिनिटाला साठ ही रेघ, त्यापुढे वर्षापर्यंत पन्नास. मला त्या साधनातली सक्ती आवडते. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणायचं नाही. तान्ह्या बाळाचा श्वास एका लयीत चालत नाही. मधेच थांबतो, मधेच धावतो. पुरतं मिनिट बघावंच लागतं. आणि बघताना प्रश्न एकच. बाळाला काय झालं आहे, हा नव्हे. श्वास किती, हा.

तसं मिनिटभर दिवा बघितला तेव्हा मला दिसलं की अंगणापलीकडे जाणाऱ्या तारेचा दिवा नारिंगी आहे, बाकीचे हिरवे. माझ्या स्विचवर हिरवा म्हणजे पूर्ण वेग, नारिंगी म्हणजे त्याचा दहावा हिस्सा. या तारेत आठ बारीक तारा असतात, चार जोड्या. पूर्ण वेगाला आठही लागतात, कमी वेगाचं काम चारांवर भागतं. म्हणजे आठांतली एखादी दुखावली होती आणि यंत्रं गुपचूप कमी वेगावर उतरली होती. क्लिप काढून बघितली तर पितळी पात्यांवर हिरवट बुरशीसारखा थर. आमच्या पावसाची करणी.

मला किती आनंद झाला सांगू! सापडलं. अभ्यासगट मोडला, क्रिम्पिंगची पकड काढली, टोक कापलं, रंग जुळवून आठ तारा पुन्हा बसवल्या. पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दिवा हिरवा झाला.

सर्व्हर दिसेना.

इथे जरा जास्त वेळ थांबू. सापडलेला बिघाड खरा होता, फक्त आपण शोधत होतो तो नव्हता. जुन्या घरात दहा गोष्टी अर्धवट बिघडलेल्या असतात आणि तशाच चालत असतात. शोधायला निघालं की त्यातली कुठलीही एक भेटते. आणि माझ्याच तर्कात भोक होतं: बायकोचा लॅपटॉप त्या तारेवर नव्हताच, तो वायफायवर होता. तार कुजली म्हणून तो का आंधळा व्हावा? हा प्रश्न मला पकड हातात घेण्याआधी पडायला हवा होता. (आणखी एक, जाता जाता: दोन घरांमधून उघड्यावरून तांब्याची तार नेऊ नका. वीज कडाडली की तार तिला आमंत्रण देते आणि दोन्ही टोकांची यंत्रं जातात. मी नेली आहे. पुढच्या वर्षी तिथे काचेची तार टाकणार आहे, असं मी तीन वर्षं म्हणतो आहे.)

पुन्हा बसू. आता हाक मारायची आहे.

पिंग हा शब्द तुम्ही ऐकला असेल. माइक म्यूस नावाच्या अमेरिकी प्रोग्रामरनं डिसेंबर १९८३ मध्ये जाळ्यातला एक विचित्र बिघाड शोधताना एका संध्याकाळीच हा छोटा प्रोग्राम लिहिला. पाणबुडी शोधणारी यंत्रं पाण्यात आवाज सोडतात आणि प्रतिध्वनीची वाट बघतात, त्या आवाजाचं हे नाव. पुढे कोणीतरी संगणकालाच दर उत्तरामागे मोठ्यानं "पिंग" म्हणायला लावलं आणि इमारतीभर फिरून एकेक केबल हलवून पाहिली. आवाज जिथे थांबला तिथे सैल सांधा. डोळे स्क्रीनवर खिळवून जे सापडलं नसतं ते कानांना सापडलं.

हाक मारायची ती जवळून सुरू करून. सर्व्हरला लगेच नको. आधी स्वतःला. १२७.०.०.१ हा पत्ता जगातल्या प्रत्येक संगणकावर "मी" असा आहे. त्याला पिंग केलं की हाक घराबाहेर पडतच नाही, आतल्या आत फिरून येते. उत्तर आलं की समजायचं, आपलं बोलणं-ऐकणं जागेवर आहे. हसू नका. दुसऱ्याकडून उत्तर येत नाही म्हणून रागावण्याआधी आपला आवाज फुटतो आहे का, हे बघणं घरातल्या भांडणातही उपयोगी पडतं. पण ते असो.

मग स्वतःचा पत्ता विचारा. मग दाराशी उभ्या राउटरला हाक द्या. मग सर्व्हरला, त्याच्या आकड्यानं. मग सर्व्हरला, त्याच्या नावानं. हा क्रम सोडू नका. प्रत्येक हाकेनंतर थांबा. विंडोजचं पिंग चार हाका मारून गप्प बसतं, पण चार उत्तरं आली म्हणजे वाट धड असं नाही. बाळाचा श्वास आठवा. मिनिटभर चालू द्या. साठात दोन उत्तरं गळत असतील तर तेही उत्तरच आहे.

आणि उत्तर आलं नाही तर? आपण म्हणतो, उत्तर आलं नाही. पण न येण्याच्या तऱ्हा आहेत, आणि मला या सगळ्या खटाटोपात सर्वांत जास्त शिकवलं ते या तऱ्हांनी.

एक तऱ्हा अशी की स्क्रीनवर येतं, पोचता येत नाही. नीट वाचलं तर त्या ओळीत उत्तर देणाऱ्याचा आकडाही असतो. पुष्कळदा तो आकडा तुमचाच असतो! तुमच्याच यंत्रानं घरभर विचारलं, हा आकडा कोणाचा आहे रे, कोणीच हूं म्हटलं नाही, म्हणून त्यानंच परत येऊन तुम्हाला सांगितलं. सर्व्हर काही बोललेला नाही. हाक उंबऱ्याबाहेर पडलीच नाही. अशा वेळी सर्व्हर बंद असेल, तार निघाली असेल, किंवा आकडाच चुकीचा.

दुसरी तऱ्हा, वाट पाहून वेळ संपली. हाक गेली. पुढे काय झालं कोणी सांगत नाही. कदाचित पोचली आणि पलीकडच्या पहारेकऱ्यानं, म्हणजे फायरवॉलनं, ऐकून न ऐकल्यासारखं केलं. कदाचित भलत्या वाटेला गेली. ही शांतता सगळ्यांत फसवी.

तिसरी म्हणजे चक्क नकार. यंत्र पिंगला उत्तर देतं, पण फायली मागायला गेलं की दार आपटतं. हा नकार मिळाला तर आनंद माना. यंत्र आहे, वाट आहे, पहारेकऱ्यानं सोडलं आहे. फक्त त्या दाराआड बसणारा जागेवर नाही. फायली वाटणारी सेवा सुरू करा, झालं. माणसं नकाराला सर्वांत जास्त घाबरतात. मला तर आता तोच बरा वाटतो.

या तिन्हींना आपल्या भाषेत आपण एकच शब्द ठेवला आहे: सर्व्हर डाऊन. सेतू केंद्रापासून रेशनच्या दुकानापर्यंत तोच. तो शब्द आला की विचारणारा परत फिरतो आणि सांगणारा चहा मागवतो.

बायकोचा लॅपटॉप मांडीवर घेतला. स्वतःला हाक, उत्तर आलं. मग पत्ता विचारला.

इथे मी चहाचा कप खाली ठेवला होता.

आमच्या घरात पत्ते १९२.१६८.१ ने सुरू होतात. सर्व्हरला मी हातानं १९२.१६८.१.१० दिला आहे. पुढच्या खोलीतल्या माझ्या संगणकालाही हातानंच दिलेला. लॅपटॉपनं मात्र सांगितलं: १९२.१६८.०.१०३. एकाच्या जागी शून्य. मी कितीदा तरी ही ओळ बघितली असेल त्या दोन दिवसांत, आणि दर वेळी डोळ्यांनी शून्याच्या जागी एक वाचला. जे असणारच असं वाटतं ते आपण वाचत नाही, समजून घेतो.

१६९.२५४ असं काही दिसलं असतं तर अर्थ वेगळा: पत्ता वाटणारा कोणी भेटलाच नाही, म्हणून यंत्रानं स्वतःच एक तात्पुरता लावून घेतला. अनाथ पत्ता. पण इथे पत्ता रीतसर होता. कोणीतरी दिला होता. आणि कोणी दिला, तेही यंत्र सांगतं, जरा खोलात जाऊन विचारलं तर. "पत्ता देणारा: १९२.१६८.०.१."

घरात असं कोणी नव्हतं.

आता ते बाजूला ठेवलेलं "काही नाही" उचला. मी अंगणात जाऊन पुतण्याला विचारलं, पण आधीसारखं नाही. काय बिघडलं, असं विचारलं नाही. म्हटलं, "गेल्या पंधरवड्यात नवीन काय लावलं रे बापू?"

"नवीन? काही नाही जी काकाजी. तो मित्राचा जुना राउटर तेवढा लावला. माझ्या खोलीत वायफाय येत नव्हतं ना. पण तो तर चांगला चालू राहिला जी, चार दिवस!"

तो खोटं बोलत नव्हता. जे लावल्यावर चाललं ते त्याच्या लेखी बिघाडाच्या गोष्टीत येतच नव्हतं. आणि खरंच चार दिवस चाललं होतं.

काय झालं होतं ते आता सावकाश बघू. घरात नवं यंत्र जागं झालं की ते घरभर ओरडतं, मला कोणी पत्ता देता का? राउटर तो देतो, ठरावीक मुदतीसाठी. पुतण्यानं जुना राउटर आमच्याच स्विचच्या तारेला जोडला, तोही आतल्या छिद्रात, त्यामुळे तो आमच्याच अंगणात येऊन बसला. आणि त्याला कोणी सांगितलं नव्हतं की इथे पत्ते वाटणारा आधीच आहे. एका गावात दोन पाटील. दोघंही प्रामाणिक, दोघांच्याही वह्या नीट. पहिले चार दिवस यंत्रांकडे थोरल्या पाटलानं दिलेले पत्ते होते, मुदत होती, कोणी विचारायला गेलं नाही. मग लाईन गेली. परत आली तेव्हा सगळे एकदम जागे झाले. थोरला राउटर उठायला दीड-दोन मिनिटं घेतो; धाकटा अर्ध्या मिनिटात तयार. लॅपटॉपनं हाक मारली, धाकट्यानं आधी उत्तर दिलं, लॅपटॉप त्याचा झाला. धाकट्याच्या गावातून ना सर्व्हरकडे वाट होती, ना बाहेर. पुढच्या खोलीतल्या संगणकानं कोणालाच विचारलं नाही, कारण त्याचा पत्ता हातानं लिहिलेला होता. फोनला ज्याचं उत्तर आधी आलं त्याप्रमाणे कधी हे गाव, कधी ते. म्हणून सकाळी होतं, दुपारी नव्हतं.

आणि मी? मी राउटर बंद करून चालू करत होतो. म्हणजे थोरल्याला पुन्हा पुन्हा झोपवत होतो आणि धाकट्याला मोकळं रान देत होतो. माझा प्रत्येक इलाज बिघाड पक्का करत होता.

आता हात वापरा. पण एकच बदल. धाकट्याची तार काढली, लॅपटॉपला पत्ता सोडून पुन्हा मागायला लावला. १९२.१६८.१.२७. सर्व्हरला हाक मारली, उत्तर एक मिलिसेकंदाच्या आत.

राउटर फेकून द्यायची गरज नव्हती. त्याचा पत्ते वाटण्याचा कारभार काढून घेतला, त्याला स्वतःला १९२.१६८.१.२ दिला आणि पुन्हा लावला; आता तो नुसतं वायफाय पसरवतो. पाठीवर पट्टी चिकटवली, तारीख आणि आकडा लिहून. पुतण्या म्हणाला, "याची पाटीलकी गेली का जी?" मी म्हटलं, "कोतवाल केला."

पुढची दारं मला या खेपेला लागली नाहीत, पण तुम्हाला लागतील, म्हणून भरभर. आकड्यानं सर्व्हर भेटतो आणि नावानं नाही, तर वाट ठीक आहे, ओळखीचा घोळ आहे. नावानंही भेटतो पण फायली उघडत नाहीत, तर विंडोजनं तुमच्या घरालाच परकं, सार्वजनिक ठिकाण मानलं आहे का बघा. नाहीतर संकेतशब्द जुना झाला असेल. फार जुना संगणक बोलत असेल ती बोलीच नव्यांनी सोडली असेल, हेही होतं. आणि सगळं बरोबर असूनही सर्व्हरचं वेबपान "सुरक्षित नाही" म्हणून अडत असेल तर कोपऱ्यातलं घड्याळ बघा. आतली नाण्याएवढी बॅटरी मेली की दर लाईनीनंतर यंत्र भलत्याच सालात जागं होतं, आणि ज्या प्रमाणपत्राची मुदत अजून सुरूच झाली नाही त्यावर ते विश्वास कसा ठेवील?

आता पुन्हा बाजूला सरकून बसा. बाहेर पाऊस आहे. पंखा थांबला. लाईन गेली.

उठू नका. अंधारात स्विचचे दिवे विझलेले दिसतात, म्हणजे दिसत नाहीत. सर्व्हरचा यूपीएस पी-पी करतो आहे. भावाच्या घरी कोणीतरी कंदिलाची काच पुसते आहे. कंदील अजून आहे आमच्याकडे. किती वेळ गेला ते मोजू नका.

आली. आधी धाकट्याचा दिवा, तो नेहमीच आधी. मग स्विच. मग थोरला, सावकाश, एकेक दिवा लावत. मी लॅपटॉपला पत्ता विचारला आणि या वेळी आकडे बोट ठेवून वाचले. एक. शून्य नाही, एक.

अंगणापलीकडे पुतण्यानं मामांच्या कॅसेटी उघडल्या असाव्यात. त्याच्या खिडकीतून आवाज आला, किंवा आला नाही. नुसती खरखर, पावसात मिसळलेली.

"काकाजी, चालू तर झालं जी, पण काही ऐकू नाही येत. पुन्हा गेलं का?"

"थांब जरा," मी म्हटलं. "हात नको लावू."